दोन बॉक्सांच्या मधली खुर्ची

देवणीत भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते सांगितलं नाही, माझं गाव-आडनावही विचारलं नाही. बैठकीच्या मधोमध एक लाकडी खुर्ची होती. तिच्याकडं बोट करून म्हणाले, "बस."

बसता बसता मी खुर्ची जरा मागं ओढली, तसे ते ओरडले, "हलवू नको! खाली खडू हाय बघ."

फरशीवर खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूनं गोल काढलेले होते. मी गुपचूप पाय गोलात बसवले. समोरच्या दोन कोपऱ्यांत स्टुलांवर स्पीकरचे दोन काळे बॉक्स, दोन्हींची तोंडं माझ्याकडं. मधे जमिनीवर वायरींचा गुंता आणि दोन लहान डब्या, एकीवर हिरवा दिवा, दुसरीवर लाल. गृहस्थांनी गळ्यात गिटार अडकवली. केस पिकलेले, खाकी पँट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. गिटार आणि गमबूट मी त्याआधी कधी एकत्र पाहिले नव्हते. त्यांनी चार-दोन सूर छेडले आणि विचारलं, "काय ऐकू आलं?"

"गिटार," मी म्हणाले.

"ते झालं गं. कुठून आली?"

बँकेच्या मुलाखतीतसुद्धा मी एवढा विचार केला नव्हता. "डावीकडून जाड आली. उजवीकडून जराशी पितळी, ताटलीवर चमचा लागल्यासारखी."

ते आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "ऐकलं का, खोली दिली हिला."

मी लातूरची. बँकेत नवीन लागले होते आणि पहिलंच पोस्टिंग देवणीला मिळालं होतं. आमचे घरमालक सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. त्यांना मी काकू म्हणू लागले, पण डॉक्टरांना काका म्हणणं काही जमलं नाही. मी क्लार्क असूनही ते मला 'मॅनेजर' म्हणत.

माणसं, मग ती कुणीही असोत, डॉक्टरांच्या तोंडी अरे-तुरे. तहसीलदार असो की सरपंच, "काय रे, कसा हाइस?" आणि गाईम्हशींना मात्र अहो-जाहो. एकदा दवाखान्यावरून जाताना मी थांबून बघितलं. एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय अडून बसली होती. डॉक्टर तिला म्हणत होते, "अहो बाई, जरा पाय घ्या बाजूला. दुखणार न्हाई तुम्हाला." आणि तिच्या मालकाला, "धर की रे शेपूट, बघत काय बसलास!"

मी घरी आल्यावर त्यांना याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "माणसाला कुठं दुखतं ते बोलता येतं. त्यांना येत न्हाई. दुखणं एकाचं अन् सांगणार दुसरा. त्या दुसऱ्याच्या बोलण्यातून रोग काढायचा, हाच आमचा धंदा. मालक म्हणतो गाय रुसली, तर आपण समजायचं पोट फुगलं."

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत, नळाची तोटी गळत होती म्हणून मी त्यांना सांगायला गेले. ते ओट्यावर बसून वायर सोलत होते. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगितलं. उत्तर नाही. मला वाटलं, राग आला असावा. आतून काकू म्हणाल्या, "त्या बाजूनं बोलू नको गं. तो कान गेलाय त्यांचा."

डावा कान. अगदी ठार गेलेला.

मी तिथंच उभी राहिले. ज्या माणसाला एकाच कानानं ऐकू येतं तो दोन कोपऱ्यांत दोन बॉक्स मांडून, डावीकडून एक आवाज आणि उजवीकडून दुसरा, असा खटाटोप कशाला करतो? काकूंना विचारलं तर त्यांनी मिक्सर चालू केला. शेंगदाण्याचं कूट आधीच झालेलं होतं, तरी चालू केला.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा मात्र ते खूश झाले. आजवर कुणी विचारलंच नसावं.

"कान गेला अन् मग मला कळलं की ते दोन असतेत," ते म्हणाले. "आधी आपलं वाटायचं, एक बिघडला तर दुसरा हाय. डोळ्यासारखं. पण तसं न्हाई. रस्त्यात हॉर्न वाजतो, मला ऐकू येतो, पण कुठल्या बाजूनं येऊन राहिला ते कळत न्हाई. कुणी हाक मारली तर मी गोल फिरतो. शेतात गाईची घंटा वाजते, गाय कुठं हाय ते सांगता येत न्हाई. तुम्हा लोकांना हे फुकटात कळतं, अन् एकाचंबी लक्ष न्हाई तिकडं. मग म्हटलं, हे हाय तरी काय, बघावं."

परभणीला शिकत असताना होस्टेलवर मणिपूरचा एक मुलगा त्यांच्या खोलीत होता. गिटार त्यानं शिकवलेली. नंतर नोकरी, बदल्या, लेकीचं लग्न यांत ती कपाटावर पडून राहिली. कान गेल्यावर ती खाली आली.

काकूंचा एक कायदा होता: पगारातला एक रुपयाही या उद्योगाला लावायचा नाही. त्यामुळे सगळा कारखाना अदलाबदलीवर उभा राहिला. हिरव्या दिव्याची डबी नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून आली. लग्नात आता डीजेच लागतो म्हणून त्याचं बंद झालं होतं. डॉक्टरांनी त्याला आपला जुना कॅमेरा दिला. लाल डबी लातूरच्या एका कॉलेजकुमाराची, तिच्या बदल्यात सायकल गेली. आणि बॉक्स? लातूरच्या कुठल्याशा शिकवणीवर्गानं शाखा बंद केली, तेव्हा ते निघाले. त्या बॉक्सांनी जन्मभर फक्त जीवशास्त्र ऐकवलं होतं. त्यांच्या बदल्यात डॉक्टरांनी घरातला कूलर देऊन टाकला, आणि तोही मार्च महिन्यात, मी राहायला यायच्या थोडंच आधी. काकू शाळेतून आल्या आणि खिडकीतल्या रिकाम्या जागेकडं नुसत्या बघत राहिल्या म्हणे. त्या उन्हाळ्यात आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी बांधून दिवस काढले.

डब्यांत नेमकं काय असतं ते मला कळेना. मॉडेलर म्हणतात, एवढंच माहीत. डॉक्टरांनी समजावलं ते असं: "परदेशातला खरा अॅम्प्लिफायर म्हणजे जातिवंत वळू. त्याला पोसायचं कुणी? दारात बांधायला जागा कुठं हाय? मग आम्ही काय करतो? वळू तिकडं लांब राहतो, त्याचा गुण एवढ्याशा कांडीत भरून गावोगाव नेतो. ही डबी म्हणजे कांडी. हिच्यात एका अॅम्पचा गुण उतरवलाय, तिच्यात दुसऱ्याचा. स्वस्तात काम."

मी लाजून खाली बघितलं, पण समजलं बरोबर. नंतर बऱ्याच जणांनी मला मॉडेलर समजावून सांगितला. कुणाचंच इतकं पटलं नाही.

गंमत म्हणजे त्यांना पूर्ण गाणं एकही येत नव्हतं. मुखडा झाला की थांबायचे आणि बटणं फिरवायला लागायचे. शेजारचे रिटायर्ड तलाठी एकदा कुंपणावरून हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, अंतरा घ्या हो एकदा. दिवसभर मुखडा डोक्यात घुमून राहतो." डॉक्टर म्हणाले, "गाणं नको बघू रे, आवाज बघ."

मग भुंगा आला. दोन्ही डब्या एकदम चालू केल्या की बॉक्समधून अखंड घूंऽऽ असा आवाज. एकच चालू असली की गप्प. डॉक्टरांनी आधी वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, अर्थिंग कोरडं पडलंय, खड्ड्यात मीठ-पाणी घाला. झालं! रोज सकाळी आंघोळ करून डॉक्टर तांब्याभर मीठ-पाणी घेऊन घरामागं जायचे. तलाठ्यांच्या सूनबाईंना वाटलं, काही व्रत धरलंय. त्यांनी काकूंना उद्यापन कधी आहे ते विचारलं. काकू त्या दिवशी, मी आल्यापासून पहिल्यांदा, खळखळून हसल्या.

भुंगा काही जाईना. शेवटी डॉक्टरांच्याच ध्यानात आलं की एक डबी या भिंतीच्या प्लगवर आहे आणि दुसरी त्या भिंतीच्या. दोन्ही आणून एकाच बोर्डावर लावल्या, आणि भुंगा गेला. बैठकीत एकदम एवढी शांतता झाली की काकू बाहेर येऊन बघून गेल्या.

खुर्चीत माझ्याशिवाय कोण कोण बसलं नसेल! दूधवाला, कुरियरवाला, मतदार यादी तपासायला आलेल्या बाई. ज्यानं बेल दाबली त्याला आधी खुर्ची. "काय ऐकू आलं? कुठून आलं?" कुणी म्हणे, पोटात गुदगुल्या झाल्या. कुणी म्हणे, हॉल मोठा झाल्यासारखा वाटला. डॉक्टर प्रत्येकाच्या तोंडाकडं असे बघायचे की जणू त्याच्या बोलण्यातून एखादा रोग निघणार आहे.

आणि एकदा खरंच निघाला. तोपर्यंत मला वर्षभर खुर्चीचा सराव झाला होता. त्या रविवारी सकाळी त्यांनी नव्या वायरी स्वतः सोल्डरचा डाग देऊन केल्या होत्या. मी बसले. त्यांनी वाजवलं. मला कसंतरीच झालं.

"आवाज हाय," मी म्हणाले, "पण समोर न्हाई. दोन्ही कानशिलांवर कुणी हात दाबून धरल्यासारखं. मधे पोकळ. आणि जाडपणा कुठं गेला कळत न्हाई."

"जाडपणा गेला? दोन्ही बॉक्स चालू हायत की."

"चालू हायत. एकट्या डाव्याला वाजवा बरं."

त्यांनी वाजवलं. जाड. एकट्या उजव्याला वाजवलं. चांगलं. दोन्ही मिळून मात्र एकापेक्षा कमी. डॉक्टर स्वतः खुर्चीत बसले, मान वळवून बघितली, उजवा कान पुढं केला. "मला बराबर वाटून राहिलंय," ते म्हणाले. त्यांना ते कळणारच नव्हतं. ते फक्त दोन कानांच्या मधे घडत होतं.

बराच वेळ ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "पोकळ म्हणालीस. अन् जाडपणा गेला. म्हणजे एक बॉक्स हवा पुढं ढकलून राहिला, त्याच वेळेला दुसरा मागं ओढून राहिला. दोघं एकमेकाचं खाऊन राहिले." उठले, एक वायर खोलली. आतली दोन टोकं उलटी जोडली गेली होती. ती सुलटी करून वाजवलं आणि आवाज एकदम माझ्या समोर येऊन उभा राहिला, दोन्ही बॉक्सांच्या बरोबर मधे, जिथं रिकामी भिंत होती. मी हात पुढं करून तिकडं दाखवलं. डॉक्टर त्या भिंतीकडं असे बघायला लागले, जणू तिथं कुणी पाहुणा आला आहे आणि तो फक्त मलाच दिसतो.

काकू दारात उभ्या होत्या. मी म्हणाले, "काकू, बसा ना, ऐकून बघा."

"भाजी करपेल," त्या म्हणाल्या.

अख्खं देवणी त्या खुर्चीत बसून गेलं, पण काकू कधी बसल्या नाहीत. आणि डॉक्टरांनीही त्यांना कधी बस म्हटलं नाही. हे मला खटकायचं. त्याचं कारण कळलं ते डॉक्टरांच्या थोरल्या भावाकडून. ते धर्माबादजवळच्या गावी शेती बघायचे आणि मिरचीचा हंगाम झाला की वर्षाची लाल मिरची घेऊन यायचे. त्या दिवशी डॉक्टर व्हिजिटला गेले होते, काकू शाळेत. मी त्यांना चहा दिला.

"बाई, ह्याचा कान कसा गेला ठाऊक हाय का तुला?" ते म्हणाले. "ती लम्पीची साथ आल्ती बघ. जनावरं पटापटा बसून राहिल्ती. हा गावोगाव इंजेक्शनं देत फिरायला. एके दिवशी सकाळी उठला तर कानात शिट्टी, मंग कापूस कोंबल्यावानी. ह्याच्या बायकोनं तवाच सांगितलं, लातूरला चला, आत्ताच्या आत्ता. हा म्हणला, एवढी गावं होऊ दे. ती रोज म्हणायची, हा रोज म्हणायचा, उद्या. जवा गेला तवा कानाचा डॉक्टर म्हणला, उशीर केला. लवकर आले असते तर कदाचित वाचला असता." त्यांनी कप खाली ठेवला. "गाई लई वाचल्या, ते खरं हाय. पण ती तवापासून त्या कानाचं नावच काढत न्हाई. भांडली असती तरी बरं झालं असतं."

त्यानंतर मिक्सर चालू झाला की मला वेगळंच ऐकू यायला लागलं.

पुढं माझी नांदेडला बदली झाली. अधूनमधून फोन व्हायचा. उजव्या बाजूची डबी बदलली, खुर्ची वीतभर पुढं घेतली, अशा बातम्या. मग एक दिवस ते म्हणाले, "मॅनेजर, मी रिटायर होऊन राहिलो. कार्यक्रमाला ये. वाजवणार हाय."

नांदेडहून निघाले, मुखेडला एसटी बदलली, उदगीरला पुन्हा बदलली आणि देवणीच्या मंगल कार्यालयात पोचले तर स्टेजखाली वाद चाललेला. डॉक्टरांच्या हातात वायरी, समोर साउंडवाला, तरुण पोरगा, गळ्यात हेडफोन.

"सर, ऐका माझं," तो म्हणत होता. "दोन्हीकडं येगयेगळं सोडलं की पब्लिक म्हणतं, येक बॉक्स खराब हाय. आपण दोन्हीकडं येकच देतो. आजपर्यंत कुणाची तक्रार न्हाई."

"तक्रार कशी येईल? त्यांनी दुसरं कुठं ऐकलंय?"

"सर, राग नका मानू, पण तुमाला तर येकाच कानानं येतं म्हणतेत. तुमाला काय फरक पडतो?"

दवाखान्यातला शिपाई त्या पोराला हात धरून बाजूला न्यायला लागला. डॉक्टरांनी त्याला थांबवलं.

"बराबर बोलला तो," ते म्हणाले. "मला न्हाई पडत. ह्या सगळ्या हॉलात मला एकट्यालाच पडत न्हाई. बाकीच्या समद्यांना पडतो. जोड."

पोरानं जोडलं.

सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. डॉक्टरांच्या शेजारी काकूंना बसवून साडी दिली. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी साथीत अमुक गावची जनावरं वाचवली, आणि टाळ्या पडल्या. काकू मांडीवरच्या साडीच्या खोक्याकडं बघत राहिल्या. मग डॉक्टर फेटा तसाच ठेवून उठले, गिटार अडकवली, डब्यांचे दिवे लागले.

पहिले सूर निघाले तसं हॉलातलं बोलणं थांबलं. डावीकडून एक, उजवीकडून एक, लांबलचक, सावकाश. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "दोघं वाजवून राहिलेत काय रे? दुसरा कुठं बसलाय?"

तेवढ्यात काकू स्टेजवरून उठल्या. मला वाटलं, झालं, निघाल्या. पाहुण्यांपुढून, हारांच्या ढिगाला वळसा घालून त्या पायऱ्या उतरल्या. कडेची एक प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी उचलली, ओढली नाही, उचलली, आणि दोन रांगांच्या मधल्या वाटेवर आणून ठेवली. डाव्या बॉक्सकडं बघितलं, उजव्याकडं बघितलं. खुर्ची जराशी सरकवली. आणि बसल्या.

डॉक्टरांचा सूर तुटला नाही, पण डगमगला.

काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी डावा हात वर केला आणि तळवा खाली दाबत खूण केली: कमी करा. डॉक्टर वाकले, त्यांनी आपल्या डाव्या बाजूची डबी कमी केली. काकूंनी कपाळाला हात लावला. समोरासमोरच्या माणसांचं डावं-उजवं उलटं असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात कधी कामाला आलं नसावं. काकूंनी परत डावा हात वर केला, बोटानं त्या बॉक्सकडंच दाखवलं, आणि जोरात खाली दाबला.

लोकांना वाटलं, बाई म्हणतायत बंद करा. सूत्रसंचालक लगबगीनं माइककडं निघाला. काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं वर्गात उशिरा आलेल्याकडं बघत असाव्यात. तो होता तिथंच थांबला.

डॉक्टरांनी पहिली डबी परत होती तशी केली आणि दुसरी कमी केली. काकूंची खूण: अजून. त्यांनी अजून केली. काकूंनी थोडं ऐकलं आणि तळवा आडवा धरला. बस.

साउंडवाला माझ्या शेजारी येऊन उभा होता. हेडफोन काढून हळूच म्हणाला, "मॅडम, खरंच तिकडचा मोठा होता. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मी मान हलवली, पण माझं लक्ष काकूंकडं होतं. त्यांनी साडीचं खोकं जमिनीवर ठेवलं. चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या, आणि परत न लावता मांडीवर धरून बसल्या. स्टेजवर डॉक्टरांचा मुखडा संपला. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून धरला.